प्रलयोत्तर कादंबऱ्यांचे उत्तरभाग

अणुयुद्ध, महासाथ, हवामानाचा कोप, परग्रहवासीयांचे आक्रमण किंवा एखादा जादुई उत्पात यांमुळे मानवी व्यवस्था कोसळल्यावर जे जग उरते, त्याची कथा सांगणाऱ्या विज्ञानकादंबरीचे वा फँटसी कादंबरीचे पुढचे भाग. घटनाक्रमाने नंतर येणारे सीक्वेल यात मोडतातच; शिवाय त्याच काळात दुसऱ्या पात्रांच्या वाट्याला आलेली कथा सांगणारे, मूळ कथेच्या दोन प्रकरणांमध्ये शिरणारे आणि प्रलयाआधीचा काळ उलगडणारे भागही याच परंपरेत धरले जातात.

या प्रकाराची अडचण इतर उत्तरभागांपेक्षा वेगळी आहे. गुप्तहेराला नवे प्रकरण मिळाले की त्याची पुढची कादंबरी उभी राहते. प्रलयकथेत सर्वांत मोठी घटना पहिल्याच पुस्तकात, पुष्कळदा पहिल्या पानाच्याही आधी, घडून गेलेली असते. पहिल्या भागाचे काम वजाबाकीचे असते. वीज जाते, नळ कोरडे पडतात, पैशाला किंमत राहत नाही, माणसे दिसेनाशी होतात आणि वाचक श्वास रोखून ही वजाबाकी पाहत राहतो. उत्तरभागाच्या हाती वजा करण्यासारखे फारसे काही नसते. उरलेल्यांपैकी धान्य कोणी पिकवायचे, भांडणे कोणी मिटवायची, मुलांना काय शिकवायचे आणि गेलेल्या जगाबद्दल त्यांना काय सांगायचे, हे प्रश्न त्याला घ्यावे लागतात. त्यामुळे पहिल्या भागाचा विषय जगण्याचा असला तरी चांगल्या उत्तरभागाचा विषय वारशाचा असतो. ज्या लेखकांना हे उमगले नाही त्यांनी दुसऱ्या भागात पहिल्यापेक्षा मोठा प्रलय आणला. ती पुस्तके सहसा फिकी पडली.

आरंभीच्या कादंबऱ्या

सुरुवातीच्या प्रलयकथांना उत्तरभाग नव्हते. मेरी शेली यांच्या ‘द लास्ट मॅन’ (१८२६) मध्ये एकविसाव्या शतकाच्या अखेरीस महासाथ सगळ्यांना नेते आणि शेवटी उरलेला एकटा माणूस रोमहून होडीत बसून निघतो. पुढे सांगायला कोणी नाही आणि ऐकायलाही कोणी नाही. रिचर्ड जेफरीज यांच्या ‘आफ्टर लंडन’ (१८८५) मध्ये इंग्लंडवर रान माजले आहे आणि लंडनच्या जागी विषारी दलदल साचली आहे. ही कादंबरी अर्ध्या वाटेवर थांबल्यासारखी संपते : नायक आपल्या प्रियेला आणण्यासाठी रानातून चालू लागतो, एवढेच. पुढचा भाग आला नाही. १८८७ मध्ये जेफरीज यांचे निधन झाले.

जॉर्ज आर. स्ट्युअर्ट यांच्या ‘अर्थ अबाइड्स’ (१९४९) लाही उत्तरभाग नाही, पण या प्रकाराचा पाया त्याच पुस्तकात घातला गेला असे म्हणावे लागते, कारण उत्तरभाग त्याच्या पोटातच आहे. कादंबरीचे तीन भाग आहेत. पहिल्यात साथीनंतरचा तरुण ईश रिकाम्या अमेरिकेतून भटकतो. दुसऱ्यात बावीस वर्षे उलटली आहेत आणि त्याच्याभोवती एक छोटी टोळी वाढली आहे. तिसऱ्यात तो म्हातारा झाला आहे. मुलांनी वाचावे, विद्यापीठाचे ग्रंथालय कधीतरी पुन्हा उघडावे, ही त्याची धडपड. मुलांना मात्र त्यात रस नाही. तेव्हा तो त्यांना धनुष्यबाण करायला शिकवतो, आणि हीच विद्या टिकते. बाणांची टोके नाणी ठोकून केलेली असतात. नाणे म्हणजे काय हे त्या पोरांना ठाऊक नाही. ठोकायला सोपा, हवा तेवढा सापडणारा धातू एवढीच त्याची ओळख. ईशच्या हातातला साधा हातोडा त्यांच्या दृष्टीने पवित्र वस्तू होऊन बसतो. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत निरनिराळ्या लेखकांनी जे खंडच्या खंड लिहिले, त्यांचे बीज या नाण्यांत आणि या हातोड्यात आहे.

संहारानंतरही कथा थांबवायची नाही, ही ओढ अर्थातच फार जुनी आहे. महाभारत कुरुक्षेत्रावर संपत नाही. छत्तीस वर्षांनंतरचे मौसलपर्व त्यात आहे. तिथे गांडिवाला प्रत्यंचा चढवताना अर्जुनाची दमछाक होते आणि अस्त्रे त्याला आठवेनाशी होतात. पहिल्या भागाचा नायक दुसऱ्या भागात असा उभा करण्याचे धैर्य आधुनिक कादंबरीकारांतही मोजक्यांनीच दाखवले आहे.

‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’ आणि त्याचा उत्तरभाग

वॉल्टर एम. मिलर दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमानावर होते, आणि इटलीतील माँते कासिनोचा प्राचीन मठ ज्या हल्ल्यात १९४४ साली जमीनदोस्त झाला त्यात त्यांचा सहभाग होता. ज्ञान जपणाऱ्या मठाचा नाश पाहिलेल्या या माणसाने पुढे अणुयुद्धानंतर ज्ञान जपणाऱ्या मठाची कादंबरी लिहिली. १९५५ ते १९५७ या काळात ती तीन दीर्घकथांच्या रूपात मासिकातून आली, १९५९ मध्ये पुस्तक झाले आणि १९६१ मध्ये तिला विज्ञानकथेसाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

तिच्या तीन भागांमध्ये सुमारे सहाशे-सहाशे वर्षांचे अंतर आहे. पहिल्या भागात फ्रान्सिस नावाच्या तरुण साधूला वाळवंटातल्या जुन्या तळघरात काही कागद सापडतात. त्यातला एक विजेच्या मंडलाचा निळा आराखडा आहे, तर दुसरा घरी येताना आणायच्या खाण्याच्या जिन्नसांची यादी. दोन्ही सारख्याच भक्तिभावाने जपले जातात. आराखड्यातली एकही रेघ त्याला कळत नाही, तरी फ्रान्सिस कित्येक वर्षे खपून त्याची वेलबुट्टीने आणि सोन्याने मढवलेली प्रत तयार करतो. वाटेत लुटारू गाठतो तेव्हा तो सोनेरी प्रतच घेऊन जातो आणि फाटका मूळ कागद फ्रान्सिसकडे ठेवतो. अर्थ हरवला तरी अक्षर जपायचे की नाही, या प्रश्नावर विज्ञानकथेत याहून हृद्य प्रसंग सापडणे कठीण.

ही कादंबरी दुसऱ्या अणुयुद्धाने संपते. म्हणजे उत्तरभागाचे दार लेखकाने स्वतःच लावून घेतले होते. तरी मिलर यांनी दुसरे पुस्तक लिहायला घेतले, आणि जागा शोधली ती मागे : दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांमधल्या शतकांत. ते अनेक वर्षे रेंगाळले. जानेवारी १९९६ मध्ये मिलर यांनी जीवनयात्रा संपवली. बहुतेक हस्तलिखित तयार होते. अखेरचा भाग टेरी बिसन यांनी पूर्ण केला आणि ‘सेंट लीबोविट्झ अँड द वाइल्ड हॉर्स वुमन’ १९९७ मध्ये, मूळ पुस्तकानंतर ३८ वर्षांनी, प्रसिद्ध झाले. त्यात मठ, धर्मसत्ता, राजसत्ता आणि भटक्या टोळ्या यांच्या ओढाताणीत सापडलेल्या, स्वतःच्या व्रतावरचा विश्वास डळमळलेल्या साधूची कथा आहे. मूळ पुस्तकाची घट्ट वीण यात नाही, हा आक्षेप खरा आहे. पण या जगाचे भवितव्य वाचकाला आधीच माहीत असते. प्रत्येक तह, प्रत्येक युद्ध, प्रत्येक प्रेम कुठे जाऊन पोचणार हे ठाऊक असताना वाचण्याचा जो जडपणा आहे, तो नुसत्या पुढे जाणाऱ्या सीक्वेलला साधला नसता.

दुसरी पिढी

काही वर्षांची उडी घेऊन नायकाच्या मुलांची कथा सांगणे हा या प्रकारातला सर्वांत रुळलेला मार्ग. फिलिप रीव्ह यांच्या ‘मॉर्टल एंजिन्स’ (२००१) मालिकेत साठ मिनिटांच्या महायुद्धानंतर शहरे चाकांवर चालतात आणि लहान शहरांना गिळतात. तिसरे पुस्तक सोळा वर्षे पुढे जाते आणि आधीच्या नायक-नायिकेची मुलगी रेन समोर येते. आईवडिलांनी जिवावर उदार होऊन मिळवलेली शांतता तिला कंटाळवाणी वाटते. यात तिचा दोष नाही. तिने त्याआधीचे काही पाहिलेलेच नाही.

या मार्गाचे सर्वांत धारदार रूप ऑक्टेव्हिया बटलर यांनी दिले. ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ (१९९३) ही लॉरेन ओलामिना या मुलीची रोजनिशी आहे. ती सुरू होते जुलै २०२४ मध्ये, लॉरेनच्या पंधराव्या वाढदिवशी. इथे एका रात्रीत काही कोसळत नाही. पाणी महागते, पोलीस पैसे मागतात, भिंतीआडची वस्ती एक दिवस जळते. समाज झिजत झिजत संपतो. लॉरेन उत्तरेकडे चालत जाते आणि ‘अर्थसीड’ हा स्वतःचा धर्म मांडते. पहिले पुस्तक वाचून झाल्यावर वाचक तिच्या बाजूने असतो. ‘पॅरेबल ऑफ द टॅलेंट्स’ (१९९८) मध्ये बटलर ही बाजूच हलवतात. रोजनिशी अजूनही लॉरेनचीच आहे, पण ती आपल्यापुढे ठेवते तिची मुलगी. धर्मांध टोळीने वस्ती ताब्यात घेतली तेव्हा हिला तान्हेपणीच आईपासून तोडले होते. परक्या घरी, परक्या नावाने वाढलेली ही मुलगी आईच्या पानांमध्ये आपल्या ओळी घालते आणि विचारते की मानवजातीला ताऱ्यांवर नेण्याच्या स्वप्नापुढे मी कितवी होते? लॉरेन बरोबर होती, हे कादंबरी कुठेच नाकारत नाही. मुलीचे दुःखही ती तितकेच खरे मानते. शेवटी, २०९० मध्ये, म्हाताऱ्या लॉरेनच्या डोळ्यांसमोर तिचे लोक अवकाशयानाकडे निघतात. त्या यानाला तिच्या मनाविरुद्ध ख्रिस्तोफर कोलंबसाचे नाव दिलेले आहे. संस्थापकाच्या स्वप्नाचे अनुयायांच्या हाती काय होते, हे एका नावातून कळते.

या पुस्तकाला नेब्युला हा विज्ञानकथेचा दुसरा मानाचा पुरस्कार मिळाला. ‘पॅरेबल ऑफ द ट्रिकस्टर’ हा तिसरा भाग बटलर यांनी पुनःपुन्हा सुरू केला आणि पुनःपुन्हा सोडला. नव्या ग्रहावर पोचलेल्या माणसांची ती कथा होती. २००६ मध्ये बटलर गेल्या; कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयात त्यांच्या कागदपत्रांत या भागाच्या कित्येक अपुऱ्या सुरुवाती आहेत. प्रलयानंतर जगणे आणि पुन्हा वस्ती उभारणे इथपर्यंत त्यांची लेखणी गेली. त्यापुढचे पाऊल या प्रकारातल्या इतक्या समर्थ लेखिकेलाही जड गेले, ही बाब नोंदवायला हवी.

त्याच काळाकडे दुसऱ्या खिडकीतून

मार्गारेट ॲटवुड यांची ‘ओरिक्स अँड क्रेक’ (२००३) संपते तेव्हा स्वतःला जगातला शेवटचा माणूस समजणारा जिमी झाडाआडून तीन माणसांकडे पाहतो आहे. पुढे जावे, गोळी घालावी की पळावे, हे ठरण्याआधीच पुस्तक थांबते. सहा वर्षांनी आलेली ‘द यिअर ऑफ द फ्लड’ (२००९) पुढे सरकतच नाही. ती तीच वर्षे टोबी आणि रेन या दोन स्त्रियांच्या बाजूने सांगते आणि अखेर त्याच झाडीत, त्याच क्षणाला, पलीकडून येऊन पोचते. ‘मॅडॲडम’ (२०१३) तिथून पुढे निघते.

या तिसऱ्या पुस्तकात प्रयोगशाळेत घडवलेल्या निरागस माणसांना टोबी रोज रात्री गोष्ट सांगते. त्यासाठी तिला जिमीची लाल टोपी घालावी लागते आणि मासा खावा लागतो. जिमीने कधीतरी सोयीसाठी सुरू केलेली सवय आता विधी झाली आहे आणि तो पार पडल्याशिवाय गोष्ट सुरू होत नाही. त्यांच्यातला ब्लॅकबिअर्ड नावाचा मुलगा तिच्याकडून लिहायला शिकतो, आणि शेवटची पाने त्याच्या हातची आहेत. एक पंथ, त्याचा ग्रंथ आणि त्याचा पहिला लेखनिक आपल्या डोळ्यांदेखत जन्माला येतात. स्ट्युअर्टच्या नायकाला जे जमले नव्हते ते टोबीला जमते. त्याचे पुढे काय होणार, याची धास्तीही तिला आहे.

प्रलय लहान होत जातो

उत्तरभागांच्या बाबतीत एक गोष्ट वारंवार घडते आणि तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष जायला हवे. प्रत्येक नव्या भागाला नवी माणसे, नवी गावे, नवे शत्रू लागतात. म्हणजे प्रत्येक भागात कोणी ना कोणी वाचलेले सापडते, आणि पहिल्या पुस्तकातला सर्वनाश मागे वळून पाहता तितका सर्व उरत नाही.

जॉन विंडम यांच्या ‘द डे ऑफ द ट्रिफिड्स’ (१९५१) मध्ये चालत्या विषारी वनस्पतींपासून वाचलेली मंडळी आइल ऑफ वाइट या बेटावर आश्रय घेतात. विंडम तिथेच थांबले. सायमन क्लार्क यांनी पन्नास वर्षांनी लिहिलेल्या ‘द नाइट ऑफ द ट्रिफिड्स’ (२००१) मध्ये नायकाचा मुलगा एका सकाळी उठतो तर बाहेर मिट्ट काळोख. सूर्य उगवलेलाच नाही. सुरुवात जबरदस्त आहे. पण पुढे तो न्यूयॉर्कला पोचतो आणि तिथे नांदते शहर सापडते, तेव्हा विंडम यांच्या बेटाचा एकाकीपणा विरतो.

दमित्री ग्लुखोव्स्की यांनी हीच गोष्ट जाणूनबुजून केली. ‘मेट्रो २०३३’ आधी इंटरनेटवर आणि मग २००५ मध्ये छापील रूपात आली. मॉस्कोच्या भुयारी रेल्वेत अडकलेली शेवटची माणसे, प्रत्येक स्थानक म्हणजे एक देश. ‘मेट्रो २०३४’ (२००९) दुसऱ्या पात्रांकडे वळली. ‘मेट्रो २०३५’ (२०१५) मध्ये मूळ नायक आर्त्योम परत येतो आणि त्याला कळते की बाहेरचे जग जिवंत आहे; सत्ताधाऱ्यांनी त्याचे रेडिओसंदेश दडपून ठेवले होते. तो हे ओरडून सांगतो, तरी लोक भुयार सोडत नाहीत. पहिल्या पुस्तकाच्या गृहीतकालाच उत्तरभागाने सुरुंग लावला आणि त्यातून भीती व सत्ता यांच्याविषयी जास्त कडवट पुस्तक निघाले. अनेक वाचकांना हा विश्वासघात वाटतो. या नोंदीच्या मते मालिकेतले हेच सर्वांत प्रामाणिक पुस्तक आहे.

ह्यू हाउई यांच्या ‘वूल’ची कथा निराळी, कारण उत्तरभाग लिहायचाच नव्हता. २०११ मध्ये स्वतःच प्रकाशित केलेल्या त्या छोट्या कथेत जमिनीखालच्या कोठारात राहणारी माणसे आहेत. बाहेर पाठवलेल्या अपराध्याने मरण्याआधी कॅमेऱ्याची काच लोकरीने पुसायची असते. होल्स्टन बाहेर पडतो, शिरस्त्राणाच्या काचेतून हिरवे गवत आणि निळे आकाश पाहतो, आनंदाने काच पुसतो, शिरस्त्राण काढतो आणि खरे करडे जग पाहत मरतो. नायक मेला, कथा संपली. वाचकांनी पुढचे मागितले म्हणून हाउई यांनी आणखी चार भाग लिहिले आणि त्यांचे एकत्रित पुस्तक झाले. ‘शिफ्ट’ (२०१३) ने मागे जाऊन ही कोठारे कोणी आणि का बांधली ते सांगितले, ‘डस्ट’ (२०१३) ने शेवट केला.

उघडा शेवट बंद करणे

लोइस लाउरी यांच्या ‘द गिव्हर’ (१९९३) मध्ये आपल्या वस्तीतून पळालेला मुलगा जोनास तान्ह्या गेबला घेऊन बर्फातून घसरगाडीवर खाली येतो. दूर दिवे दिसतात, संगीत ऐकू येते. ते वाचले की गारठून मेले, यावर शाळाशाळांतून वर्षानुवर्षे वाद झाले. ‘गॅदरिंग ब्लू’ (२०००) ने नुसती चाहूल दिली. ‘मेसेंजर’ (२००४) मध्ये गावाचा तरुण प्रमुख म्हणजे जोनासच हे कळते, आणि गावाच्या संग्रहालयात ती घसरगाडी ठेवलेली दिसते. ‘सन’ (२०१२) ने गेबच्या आईची कथा सांगून वर्तुळ पूर्ण केले. जिवाला बरे वाटते, यात शंका नाही. पण पहिल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर जी थंडी अंगात शिरायची, ती आता शिरत नाही.

मागे जाणाऱ्या भागांविषयी थोडक्यात. जॉन ख्रिस्तोफर यांनी १९६७–६८ मध्ये आलेल्या, परग्रहवासीयांच्या ताब्यातल्या पृथ्वीची कथा सांगणाऱ्या ट्रायपॉड त्रयीला १९८८ मध्ये पूर्वकथा जोडली. सुझान कॉलिन्स यांनी ‘हंगर गेम्स’ त्रयीला (२००८–१०) २०२० आणि २०२५ मध्ये. अशा पुस्तकांना खलनायकाची जडणघडण दाखवता येते. पुढे काय होणार ही उत्सुकता मात्र त्यांना सोडून द्यावी लागते.

फँटसीची वाट

टेरी ब्रुक्स यांच्या ‘द सोर्ड ऑफ शनारा’ (१९७७) मध्ये ट्रोल, बुटके आणि जादू आहे, पण हे जग आपल्याच पृथ्वीचे महायुद्धांनंतरचे रूप आहे असे सुचवले जाते. जुने विज्ञान विसरले गेले आणि जादू परतली. तो प्रलय प्रत्यक्ष कसा झाला हे ब्रुक्स यांनी जवळजवळ तीस वर्षांनी, २००६ ते २००८ मधल्या तीन कादंबऱ्यांत सांगितले.

एन. के. जेमिसिन यांच्या ‘ब्रोकन अर्थ’ त्रयीने (२०१५–१७) या प्रकाराची मूळ अडचणच सोडवली. तिथे प्रलय एकदाच येत नाही. ‘पाचवा ऋतू’ शतकाशतकांनी पुनःपुन्हा येतो. वस्त्यांची कोठारे, कायदे, म्हणी त्याच्या भीतीवर उभ्या आहेत. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या भागांना घटना वाढवावी लागत नाही, खणावे लागते : जमीन माणसावर का उलटली, चंद्र कुठे गेला, आणि भूकंप आवरणाऱ्या लोकांना गुलाम करून कोणाची भरभराट झाली. शेवटी नायिका इसुन आणि तिची मुलगी नासुन समोरासमोर येतात, एक हे जग वाचवायला, दुसरी संपवायला. ज्या जगाने तिच्या भावाचा जीव घेतला ते वाचवावे असे त्या मुलीला का वाटावे, याचे सोपे उत्तर लेखिका देत नाही. तिन्ही भागांना २०१६, २०१७ आणि २०१८ असे लागोपाठ ह्यूगो मिळाले. असे आधी कोणाच्याही बाबतीत झाले नव्हते.

स्टीफन किंग यांच्या ‘द डार्क टॉवर’ मालिकेचा पहिला खंड १९८२ चा, सातवा २००४ चा. तिसरा खंड १९९१ मध्ये ऐन अटीतटीच्या जागी थांबला आणि चौथ्यासाठी वाचकांनी सहा वर्षे वाट पाहिली. २००३ मध्ये किंग यांनी पहिला खंडच सुधारून पुन्हा काढला. सातव्याच्या अखेरीस नायक रोलंड ज्याच्या शोधात निघालेला असतो त्या मनोऱ्याचे शेवटचे दार उघडतो आणि पुन्हा त्याच वाळवंटात जाऊन पडतो. कादंबरी पहिल्या खंडाच्या पहिल्या वाक्यावर संपते. फरक एवढाच की मागे हरवलेले रणशिंग या वेळी त्याच्या कमरेला आहे.

दोन वर्षांनी आलेल्या रीव्ह यांच्या चौथ्या खंडातही, ‘अ डार्कलिंग प्लेन’ (२००६) मध्ये, कथा आपल्या पहिल्या वाक्याकडे वळते. मेलेल्या माणसाच्या देहापासून घडवलेला श्राइक हा योद्धा युगानुयुगे निजून जागा होतो. चाकांवरची शहरे कधीच गेली आहेत, रान वाढले आहे, आणि त्याच्याभोवती अनोळखी लोकांची पोरे जमली आहेत. त्याला काय काय आठवते, असे ती विचारतात. तो मालिकेच्या पहिल्या पुस्तकाची पहिली ओळ म्हणू लागतो.